एलएम-२५ चा शीतनवक्र: भोसरीच्या शेडमधल्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

काम असे आहे. वितळलेला मिश्रधातू एका पेल्यात घ्यायचा, त्याच्या मधोमध थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमापक) धरायचे आणि सगळा गोठेपर्यंत तापमान नोंदत राहायचे. जिथे काही घन व्हायला लागते तिथे अप्रकट उष्मा सुटतो. त्यामुळे वेळेनुसार तापमानाच्या वक्राचा, म्हणजे शीतनवक्राचा, उतार मंदावतो, आडवा होतो, कधी थोडा वरही चढतो. या वळणांवरून धातूच्या आत काय घडले ते वाचायचे.

धातू एलएम-२५ घ्यायचे ठरले: ॲल्युमिनियम, त्यात ६.५ ते ७.५ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम. पुणे-पिंपरी पट्ट्यात दुचाकीचे आणि पंपाचे ओतीव भाग करणाऱ्या कोणालाही हा धातू ओळखीचा आहे. यातला युटेक्टिक (ॲल्युमिनियमसोबत एकाच ठरावीक तापमानाला गोठणारा) सिलिकॉन सुईसारखा गोठला तर भाग ठिसूळ होतो. स्ट्रॉन्शियम या धातूची थोडी मात्रा दिली की तोच सिलिकॉन बारीक तंतूंसारखा होतो. शीतनवक्रावर या दोन स्थितींत फरक फक्त ६ ते ८ अंशांचा असतो. के-टाइप (क्रोमेल आणि ॲल्युमेल तारांच्या) थर्मोकपलची मान्य चूक ६०० अंशांवर पहिल्या वर्गात ±२.४ अंश आणि दुसऱ्या वर्गात ±४.५ अंश आहे. म्हणजे साधी जोडणी करून सरळ आकडा वाचला तर शोधायची गोष्ट चुकीतच बुडून जाईल. म्हणून पहिले काही आठवडे फक्त अंश तपासायचे, एलएम-२५ ला हात लावायचा नाही.

१० नोव्हेंबर

सामान जमवले. साडेतीन किलोवॉटची विजेची भट्टी, तीन लिटरची क्ले-ग्रॅफाइटची मूस. मापक म्हणून थर्मोकपल वाचणाऱ्या मॅक्स-३१८५६ चिपचे मोड्यूल आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा संगणक-बोर्ड, दोन्ही तपकीर गल्लीतून. आधी मॅक्स-३१८५५ चा विचार होता, पण ती चिप पाव अंशाच्या पायऱ्यांत आकडा देते आणि थर्मोकपलचा वक्र सरळ रेषा धरते. तापमान घटण्याचा वेग काढताना पाव अंशाची पायरी अजिबात चालत नाही. ३१८५६ ची पायरी ०.००७८ अंश आहे आणि वक्राचा बाक ती स्वतःच दुरुस्त करते.

पेला म्हणून स्टेनलेस स्टीलची फुलपात्रे घेतली. पातळ पत्रा, आतला व्यास सरासरी ४० मिमी, उंची ६० मिमीच्या जरा वर. पाणी भरून ७५ मिलीची खूण केली. द्रव धातूची घनता २.४ धरली तर तेवढ्यात १८० ग्रॅम बसतो. पाण्याने मापलेले प्रत्येक फुलपात्र नंतर भट्टीच्या झाकणावर तासभर वाळवले. द्रव ॲल्युमिनियमखाली पाण्याचा एक थेंब राहिला तरी वाफ होऊन धातू उडतो. याच कारणाने ओतकामाची जागा सिमेंटच्या जमिनीवर न ठेवता कोरड्या वाळूच्या थरावर घेतली. सिमेंट ओल धरते.

१२ नोव्हेंबर

जोडणीच्या तारेची ध्रुवता उलटी लागली होती. नोंद मुद्दाम सविस्तर ठेवतो, कारण हा दोष लपून राहतो. तार दोन्ही टोकांना उलटी असेल तर तापवल्यावर आकडा वरच जातो आणि सगळे ठीक वाटते. चूक मात्र तारेच्या दोन टोकांमधल्या तापमानाच्या फरकाच्या दुप्पट असते. भट्टीकडचे टोक ४८ अंशांवर आणि मापकाकडचे २७ वर होते, म्हणून आकडा ४२ अंशांनी कमी येत होता.

मूळ रंगांत आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत के-टाइपची हिरवी तार धन, पांढरी ऋण. अमेरिकन पद्धतीत पिवळी धन, लाल ऋण. विजेच्या कामाची सवय असलेला हात लाल तार न बघता धनाला लावतो. रंगावर विसंबू नये, लोहचुंबक धरावे: ॲल्युमेलची तार चुंबकाला चिकटते आणि तीच ऋण. क्रोमेल चिकटत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आकडा आडव्या रेषेवर असतानाही ±०.४ अंश थरथरत होता. आज एमआयडीसीची सुट्टी, शेजारच्या शेडमधले वेल्डिंग बंद, म्हणून थरथर कुठून येते ते शोधायला दिवस चांगला मिळाला. वेल्डिंग नसतानाही ±०.३ राहिली. म्हणजे दोष शेजारचा नव्हता, घरचाच होता, आणि तोही तिहेरी.

पहिला: चिप सुरू होताना ६० हर्ट्झची गाळणी धरते. आपली वीज ५० हर्ट्झची. पहिल्या नियंत्रण रजिस्टरचा शून्यावा बिट १ केला की गाळणी ५० वर येते, पण हा बदल चिप सतत मोजत असताना करायचा नसतो. आधी मापन बंद, मग बिट, मग मापन सुरू.

दुसरा: थर्मोकपलचे टोक बाहेरच्या आवरणाला जोडलेले होते. तेच टोक धातूत, धातू मुशीत, भट्टी अर्थिंगला आणि लॅपटॉपचा चार्जरही अर्थिंगला. असे एक वेटोळे तयार झाले होते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तेव्हा थरथर तिथल्या तिथे निम्मी झाली. कायमचा उपाय म्हणून आवरणापासून अलग टोकाचा थर्मोकपल मागवला.

तिसरा: छताचा पंखा. त्याचा वारा मोड्यूलवर लागत होता. चिप स्वतःचे तापमान मोजून शीत टोकाची (मापकाकडच्या टोकाच्या तापमानाची) भरपाई करते, पण तारेचा जोड आणि चिप यांच्यात वाऱ्यामुळे फरक पडला की तो सरळ वाचनात उतरतो. मोड्यूल थर्मोकोलच्या डबीत बंद केले आणि झुळुकीचा परिणाम गेला. आता थरथर ±०.०५.

१७ नोव्हेंबर

पहिला धातू कथील. शुद्ध कथील २३१.९३ अंशांना गोठते आणि हा आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीतला ठरलेला बिंदू आहे. बाजारात कल्हईसाठी मिळणाऱ्या कथलाची कांडी हाताशी होती, तीच २०० ग्रॅम वितळवून लावली.

वक्र पाहिल्यावर हात थांबला. शुद्ध धातूचा वक्र आडवा चालतो आणि मग एकदम खाली पडतो. इथे पहिले वळण २२८.० वर आले, आडवी रेषा आलीच नाही, वक्र उतरतच राहिला. आणि सगळे संपले असे वाटत असताना १८३.८ वर सुमारे २० सेकंद पुन्हा थांबला. कथील आणि शिसे यांचा युटेक्टिक १८३ अंशांना गोठतो. कांडीत शिसे होते.

किती? मापकाची चूक अजून ठाऊक नव्हती, पण दोन वळणांमधला फरक काढला की ती बहुतेक कटते. शुद्ध कथील आणि युटेक्टिक यांत ४९ अंशांचे अंतर, इथे ४४.२. तूट ४.८. युटेक्टिकमध्ये ३८.१ टक्के शिसे असते, म्हणजे लिक्विडस रेषा (गोठणे सुरू होण्याच्या तापमानाची रेषा) सरळ धरली तर दर टक्क्याला १.२८ अंश. उत्तर पावणेचार टक्क्यांच्या जवळ. शिवाय १८३.८ मधून १८३ वजा केले तर मापकाची चूक +०.८ असावी हा पहिला अंदाजही मिळाला.

हे प्रकल्पाच्या विषयात बसत नाही, तरी लिहिणे गरजेचे वाटते. कल्हईचा थर भांड्याच्या आत, अन्नाला लागून असतो. कसब्यातल्या तांबट आळीने या शहराला तांब्या-पितळेची भांडी पुरवली, आणि आता ती भांडी पुन्हा स्वयंपाकघरात परतत आहेत. त्यात आमटी-ताक ठेवणाऱ्याने कल्हई कशाची आहे हे विचारायलाच हवे. नवसागराचा धूर आणि चकाकी पाहून शिसे कळत नाही. एक थर्मोकपल, दोनशे ग्रॅम धातू आणि पंधरा मिनिटे एवढ्यात कळते.

२१ नोव्हेंबर

प्रमाणपत्रासह ९९.९ टक्के कथील मिळाले. वितळवून लावले तेव्हा वक्र आधी २२४ पर्यंत घसरला आणि एका झटक्यात वर येऊन २३२.८ वर स्थिर झाला. शुद्ध कथील गोठणबिंदूच्या बरेच खाली द्रव राहू शकते, त्यामुळे घसरणीचा तळ बिंदू म्हणून घेऊ नये. तीन वेळा केले: २३२.८, २३२.८, २३२.९. चूक +०.९. परवाच्या +०.८ च्या अंदाजाला धरून आहे.

लगेच जस्त: खरा बिंदू ४१९.५३, वाचन ४२०.९. चूक +१.४.

२४ नोव्हेंबर

थर्मोकपल किती जाड असावा याची परीक्षा जस्तात घेतली. ३ मिमीचा थर्मोकपल ३० मिमी खोल बुडवला तर ४१८.३ दाखवतो आणि १.५ मिमीचा ४२०.९. तोच ३ मिमीचा ५५ मिमी खोल घातल्यावर ४२०.६ वर आला. जाड आवरण दांड्यावरून उष्णता वर ओढून नेते आणि टोक आसपासच्या धातूपेक्षा थंड राहते. बुडालेली लांबी व्यासाच्या निदान पंधरा पट असावी असे इथून पुढे धरले. पेल्यात ३० मिमीच मिळतात, म्हणून १.५ मिमीच.

थर्मोकपल थेट धातूत ठेवला तर ॲल्युमिनियम गोठताना त्याला आवळून धरतो आणि तो निघत नाही. म्हणून बाहेरून २ मिमी, आतून १.६ मिमी अशी स्टेनलेसची बारीक नळी, टोक टिग वेल्डिंगने बंद केलेले, वरून बोरॉन नायट्राइडचा लेप. नळी ओतासोबत जाते, थर्मोकपल वर ओढून काढता येतो. नळीमुळे वाचन जरा मागे पडते. मागे पडण्याचा काळ २ सेकंद आणि उतार सेकंदाला १ अंश असेल तर चालू उतारावर २ अंश जास्त दिसतात. आडव्या भागात मात्र उतारच नसल्याने ही चूक शून्य होते. म्हणून पुढे वक्रावरून वाचताना वाढीच्या पठाराचे तापमान भरवशाचे मानायचे, केंद्रक (पहिला घन कण) तयार होण्याच्या क्षणाचे कमी भरवशाचे.

वीजवाहक तारेचे ९९.७ टक्के ॲल्युमिनियम लावले. शुद्ध ॲल्युमिनियम ६६०.३२ ला गोठते, पण यात थोडे लोखंड आणि सिलिकॉन असते. त्याचा हिशेब करून ६५९.३ अपेक्षित. वाचन ६६१.२, चूक +१.९. हा ठरलेला बिंदू नव्हे, पण +०.९, +१.४, +१.९ अशी ओळ सरळ चढते आहे एवढे पुरे. युटेक्टिकच्या जागी १.७ आणि लिक्विडसच्या जागी १.८ वजा करायचे. खालचे युटेक्टिकचे आणि लिक्विडसचे सगळे आकडे असे दुरुस्त केलेले आहेत.

३० नोव्हेंबर

पेला भरण्याची पद्धत ठरवण्यात दिवस गेला. पळीने थंड पेल्यात ओतले की पत्र्यालगत धातू लगेच गोठतो, पहिल्या मिनिटाचा वक्र वेडावाकडा येतो आणि लिक्विडसचे वळण त्यातच हरवते. लेप लावून चांगला तापवलेला पेला सांडशीत धरून मुशीतच बुडवायचा, २५ सेकंद धरायचा आणि भरलेला वर काढायचा ही पद्धत बरी ठरली. पेला आणि धातू एकाच तापमानाने सुरुवात करतात. बोरॉन नायट्राइडचे दोन हात नीट वाळलेले हवेत, नाहीतर धातू पत्रा खातो आणि मुशीत लोखंड वाढते.

खाली आणि वर १२ मिमी जाडीचा सिरॅमिक लोकरीचा तुकडा ठेवला, म्हणजे उष्णता फक्त बाजूने जाते. वरच्या तुकड्याला मधोमध भोक, त्यातून नळी. टोक तळापासून ३० मिमीवर. सेकंदाला ५ वाचने. असे केल्यावर ६५० च्या आसपास उतार सेकंदाला ०.९ ते १.१ अंश येतो आणि हाच पट्टा पुढे पाळायचा. उतार वाढला की युटेक्टिकचे तापमान त्यानेही खाली जाते, म्हणून वेगळ्या वेगाचे दोन ओत शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

एलएम-२५ चा पहिला ओत. बाजारातल्या कांड्या ३ किलो, ७२० अंश, मळी काढून पेला भरला. १८३ ग्रॅम.

लिक्विडस: तळ ६११.०, पठार ६१२.६. हिशेबाने ठीक.
युटेक्टिक: तळ ५६६.०, पठार ५६८.७.
शेवटी ५५१ जवळ मॅग्नेशियम सिलिसाइडचा छोटा उंचवटा, ५४१ ला सगळे घन.

युटेक्टिकचा आकडा बसत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा युटेक्टिक ५७७ ला. इतर घटकांमुळे तो किती खाली येतो याचे एक सूत्र वापरात आहे: १२.५ भागिले सिलिकॉनचे टक्के, गुणिले (४.४३ × मॅग्नेशियम + १.४३ × लोखंड + १.९३ × तांबे, आणि असेच जस्त, मँगनीज, निकेल), आणि हे ५७७ मधून वजा. कांडीच्या प्रमाणपत्रावर सिलिकॉन ७.१, मॅग्नेशियम ०.३६, लोखंड ०.१४. वजाबाकी ३.२, म्हणजे मात्रा न दिलेल्या धातूचा युटेक्टिक ५७३.८ ला यायला हवा. इथे ५ अंश कमी.

महिनाभरापूर्वी हा आकडा आला असता तर थर्मोकपलला दोष देऊन दुसरा लावला असता. आता तसे करता येत नाही. त्याच दुपारी त्याच थर्मोकपलने जस्त पुन्हा लावले: ४२०.९. दुसरा पेला भरला: ५६८.६. उतार दोन्ही वेळा १.० च्या आत. मापक बरोबर आहे, पेला बरोबर आहे. मग प्रश्न कांडीचा.

११ डिसेंबर

भोसरीतल्या प्रयोगशाळेतून स्पेक्ट्रोचा (घटकांच्या विश्लेषणाचा) अहवाल आला. कांडीत स्ट्रॉन्शियम ०.०१२ टक्के. धातू आधीच मात्रा दिलेला होता. प्रमाणपत्रावर त्या घटकाचा रकानाच नव्हता.

हे फार महत्त्वाचे आहे. ओतकाम करणारा अशा कांड्या घेतो, वर आपली नेहमीची मात्रा टाकतो आणि स्ट्रॉन्शियम ०.०३ च्या पुढे जाते. मात्रा जास्त झालेल्या धातूत वायूची छिद्रे वाढतात, मग दोष भट्टीला नाहीतर पावसाळी हवेला दिला जातो. कांडी घेताना स्ट्रॉन्शियमचा आकडा मागून घ्यावा. मिळत नसेल तर मात्रा देण्याआधी एक पेला लावावा.

१५ डिसेंबर

मात्राविरहित धातू स्वतःच तयार केला. ५ किलोसाठी: ॲल्युमिनियम-२० सिलिकॉनचा मास्टर अलॉय (हवा तो घटक जास्त असलेला तयार मिश्रधातू) १७५० ग्रॅम (त्यातून ३५० ग्रॅम सिलिकॉन), ९९.७ टक्के ॲल्युमिनियम ३२३० ग्रॅम, मॅग्नेशियम २० ग्रॅम. मॅग्नेशियमची गरज साडेसतरा ग्रॅमचीच, बाकी जळून जाण्यासाठी धरले. आधी ॲल्युमिनियम वितळवले, ७५० ला मास्टर अलॉयचे तुकडे, ढवळणे, मग ७२० वर आणून मॅग्नेशियम ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून घंटेच्या आकाराच्या दट्ट्याने तळाशी दाबले. वरच ठेवले तर ते पेट घेते आणि हिशेब चुकतो.

विरघळलेला वायू काढायला आर्गॉन ८ मिनिटे, ग्रॅफाइटच्या नळीतून, फुगे लहान राहतील इतक्याच जोराने. हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या घेतल्या नाहीत. त्यांचा धूर विषारी आहे आणि त्यातला क्लोरीन पुढे घालायचे स्ट्रॉन्शियम ओढून नेतो.

ओत ५: युटेक्टिक तळ ५७२.६, पठार ५७३.५. स्पेक्ट्रोवर सिलिकॉन ७.०, मॅग्नेशियम ०.३४, लोखंड ०.१६, स्ट्रॉन्शियम ०.००१ पेक्षा कमी. सूत्राने ५७३.९. फरक ०.४. फार समाधान वाटले.

२२ डिसेंबर

मात्रेचा दिवस. काल रात्रभर साठवून ठेवलेला धातू पुन्हा वितळवला, ४.१ किलो. लक्ष्य ०.०२ टक्के, म्हणजे ०.८२ ग्रॅम स्ट्रॉन्शियम. दहा टक्क्यांच्या मास्टर अलॉयचे ८.२ ग्रॅम, दहा टक्के वाया जाणार म्हणून ९.१. दहा मिमी जाडीच्या कांडीचा सव्वाचार सेंटिमीटर तुकडा. धातू ७३० वर. तुकडा चिमट्यात धरून पृष्ठभागाखाली पूर्ण विरघळेपर्यंत फिरवला, वर तरंगू दिला नाही.

मात्रेआधी (ओत ६): पठार ५७३.४, तळापासूनची चढ ०.९.
५ मिनिटांनी: ५७०.२, चढ १.६.
२० मिनिटांनी: ५६७.५, चढ २.४.
६० मिनिटांनी: ५६७.३, चढ २.४.
अडीच तासांनी: ५६८.६, चढ २.०.

पाच मिनिटांचा पेला पाहून कोणी मात्रा अपुरी समजेल आणि आणखी टाकेल. ती अपुरी नव्हती. मास्टर अलॉयमधले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनियमशी बांधलेल्या कणांच्या रूपात असते, ते कण विरघळायला वेळ लागतो. सोडियमचे उलटे: ते लगेच काम करते आणि थोड्याच वेळात उडूनही जाते. स्ट्रॉन्शियम सावकाश लागते आणि सावकाश उतरते. या भट्टीत, या तापमानाला, वीस मिनिटांपासून निदान तासाभरापर्यंत ओतायला मोकळीक आहे.

तळापासूनची चढ सुद्धा बघत राहावी. मात्रा दिलेल्या धातूत सिलिकॉनला सुरुवातीचे केंद्र सहज मिळत नाही, म्हणून वक्र जास्त खाली घसरतो. एकदा वाढ सुरू झाली की जास्त उष्मा एकदम सुटून तो वर येतो.

२९ डिसेंबर

प्रत्येक पेल्याचा गोळा नळीच्या टोकाच्या पातळीवर कापला. पॉलिश पेपर २२०, ४००, ६००, १०००, मग हिऱ्याची पेस्ट. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले नाही. सिलिकॉन नुसत्या पॉलिशवरही सूक्ष्मदर्शकाखाली राखाडी उठून दिसतो, आणि ते आम्ल कातडीतून हाडापर्यंत जाते. एवढ्या कामासाठी तो धोका घेणे बरोबर नाही.

ओत ६: लांब, टोकदार पट्ट्या, एकमेकींना छेदणाऱ्या. पाच मिनिटांचा पेला मिश्र: एका कोपऱ्यात पट्ट्या, शेजारी बारीक ठिपके. वीस आणि साठ मिनिटांचे दोन्ही सगळीकडे बारीक, ४०० पटीतही ठिपके वेगळे करायला डोळ्यांना ताण पडतो. अडीच तासांच्या पेल्यात कुठेकुठे जाड कण परतू लागलेले. वक्राने सांगितले तेच काचेखाली दिसले, मिश्र पेल्यासकट.

५ जानेवारी २०२५

घन अंश, म्हणजे कोणत्या क्षणी किती धातू गोठला त्याचे प्रमाण, काढण्याचे काम. तापमान घटण्याचा वेग हवा, आणि लागोपाठच्या दोन वाचनांतून थेट वेग काढला तर ±०.०५ ची थरथर सेकंदाला अर्ध्या अंशाची होते, जवळजवळ संकेताएवढी. म्हणून थरथर गाळणाऱ्या सॅवित्स्की-गोले पद्धतीने २५ वाचनांची, म्हणजे ५ सेकंदांची खिडकी, दुसऱ्या घाताची बहुपदी. १५ सेकंदांची खिडकी लावून पाहिली तर वेगवक्र देखणा होतो, पण युटेक्टिकचा तळ बोथट होऊन चढ अर्ध्या अंशाने कमी दिसते. देखणेपणासाठी तेवढी किंमत देऊ नये.

मग पायारेषा: काही गोठत नसते तर वेग कसा राहिला असता ती रेषा. लिक्विडसच्या वरचा भाग आणि ५४० च्या खालचा भाग घेऊन त्यांतून तिसऱ्या घाताचा वक्र बसवला. वेगवक्र आणि पायारेषा यांच्यामधले क्षेत्रफळ म्हणजे सुटलेला उष्मा, आणि कोणत्याही क्षणापर्यंतचे क्षेत्रफळ भागिले एकूण म्हणजे घन अंश.

ओत ६ मध्ये गोठण्याला ४३८ सेकंद लागले. क्षेत्रफळ ३५२ अंश. विशिष्ट उष्मा १.१ ज्यूल प्रति ग्रॅम-अंश धरला तर अप्रकट उष्मा ३८७ ज्यूल प्रति ग्रॅम. याच जातीच्या ए-३५६ साठी सहसा ३८९ वापरतात. आकडे जुळले तरी फार विश्वास टाकू नये, कारण विशिष्ट उष्मा गोठताना स्थिर राहत नाही आणि आपण तो स्थिर धरला आहे.

एक विसंगती सुटायला वेळ लागला. तरफेच्या नियमाने (युटेक्टिकमध्ये १२.६ टक्के सिलिकॉन, आधी गोठणाऱ्या ॲल्युमिनियममध्ये १.६५) युटेक्टिक सुरू होईपर्यंत ५१ टक्के घन व्हायला हवे: (१२.६ − ७) भागिले (१२.६ − १.६५). क्षेत्रफळाने ४५ आले. पायारेषा तीनदा बसवून पाहिली, उत्तर तेच. कारण असे की क्षेत्रफळ उष्म्याचा वाटा मोजते, वजनाचा नव्हे. सिलिकॉनचा अप्रकट उष्मा ग्रॅमला १७८७ ज्यूल, ॲल्युमिनियमचा ३९७. युटेक्टिकमध्ये सिलिकॉनही गोठतो, म्हणून तो टप्पा आपल्या वजनापेक्षा जास्त उष्मा टाकतो आणि आधीच्या टप्प्याचा वाटा लहान दिसतो.

१२ जानेवारी

ॲल्युमिनियमचे कण बारीक करण्याची मात्रा. टायटॅनियम ५ टक्के, बोरॉन १ टक्का असा मास्टर अलॉय, ३.६ किलोला ०.२ टक्के, ७.२ ग्रॅम. लिक्विडसच्या तळापासूनची चढ १.७ होती ती ०.२ झाली. टायटॅनियम बोराइडचे कण द्रव धातूच्या जवळजवळ दुप्पट जड असतात, ते तळाशी बसतात. ४० मिनिटे न ढवळता ठेवून पेला भरला तर चढ ०.९, ढवळल्यावर पुन्हा ०.३. बोरॉन जास्त असलेला मास्टर अलॉय इथे टाळावा. बोरॉन स्ट्रॉन्शियमला बांधून घेतो आणि आधीची मात्रा फुकट जाते.

१९ जानेवारी

थर्मोकपलची पुन्हा तपासणी, १४ पेल्यांनंतर. कथील २३३.५ (आधी २३२.८), जस्त ४२१.४ (आधी ४२०.९). अर्धा ते पाऊण अंश वर सरकला आहे. के-टाइपच्या क्रोमेल तारेत २५० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात अणूंची मांडणी हळूहळू बदलते आणि व्होल्टेज वाढते. आपला प्रत्येक ओत नेमका त्याच पट्ट्यातून सावकाश उतरतो.

याचा परिणाम: २२ डिसेंबरचे सगळे पेले एकाच दिवशी, एकाच थर्मोकपलने झाले, त्यामुळे त्यांच्यातले फरक तसेच उभे आहेत. १२ जानेवारीच्या चढीही फरकच आहेत. २२ डिसेंबरपासूनच्या पठारांच्या मूळ आकड्यांपुढे मात्र वहीत पेन्सिलने ‘०.५ पर्यंत कमी करावे’ असे लिहिले.

हा थर्मोकपल आता फक्त भट्टीच्या तापमानासाठी. नव्याची तपासणी दर पाच पेल्यांनी कथील आणि जस्तात. एन-टाइपमध्ये हा दोष बराच कमी असतो, त्याचा १.५ मिमीचा नग मागवला आहे. तो आला की चिपमध्ये थर्मोकपलचा प्रकार बदलायला विसरायचे नाही, आणि जोडणीची तारही एन-टाइपचीच लावायची.